लेकीच्या पाठीवरचे तीळ आणि आबांची टाच

केज तालुक्यातल्या एका गावातून ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. थोडक्यात मजकूर असा:

“माझी मुलगी २३ वर्षांची. संभाजीनगरला राहून बी. फार्मसी केलं. अंगावर तीळ लहानपणापासूनच बरेच. मागं पुरळ आलं म्हणून तिथल्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी पाठीवरचे तीन तीळ भिंगातून पाहिले आणि कागदावर ‘ॲटिपिकल नेव्हस, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे’ असं लिहून दिलं. पोरीनं मोबाइलवर शोधलं, तर मेलॅनोमा नावाचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून ती धड जेवत नाही आणि मला झोप नाही. तिला स्थळं बघणं चालू आहे. नणंद म्हणते, पार्लरमध्ये दहा मिनिटांत तीळ जाळून देतात, लग्नाआधी काढून टाका, विषय संपला. तिचे वडील म्हणतात, तिळाला हात लावायचा नाही, सुई लागली की कॅन्सर पसरतो. हे तीळ पुढं कॅन्सर होतील का? सगळे काढावेत का? पाहुण्यांना सांगावं का? बाकी घरात कुणाला मोठा आजार नाही. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या आबांना (वय ७१) साखर आहे आणि वर्षभरापासून टाचेला काळं कुरूप झालंय. आम्ही बिब्बा लावतो. हल्ली त्यातून पाणी येतं. पण ते वयाचं आहे, तुम्ही मुलीचं सांगा.”

ताई, मुलीचं सगळं सांगते. पण मी पत्र वाचताना थांबले ती शेवटच्या चार ओळींवर. तुमच्या मुलीला सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय, आणि तेवढा वेळ तिच्याकडं आहे. आबांना मात्र याच आठवड्यात न्या. कापणी असो, घरात कार्य असो, ते थांबू शकतं.

मी कॅन्सर आहे असं म्हणत नाही. पत्रावरून निदान होत नाही. साखर असलेल्या माणसाच्या टाचेला जखम व्हायला दहा कारणं असतात: भेग चिघळते, काटा आत राहतो, कुरूप दाबून दाबून खाली पू धरतो. पण तुम्ही लिहिलंय की आधी काळा डाग होता, तो वर्षभर टिकला आणि मग त्यातून पाणी यायला लागलं. साध्या जखमेचा क्रम असा नसतो. सत्तरीच्या माणसाच्या तळव्यावर वर्षभर राहिलेला आणि आता ओलावलेला काळा डाग भिंगातून बघितल्याशिवाय आणि त्याचा तुकडा तपासल्याशिवाय कुणी ‘कुरूप’ म्हणून सोडू नये. तुम्हीही नाही, आणि डॉक्टरांनीही नाही.

कारण आपल्याकडं मेलॅनोमाची, म्हणजे कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची, नेहमीची जागा हीच आहे. मोबाइलवर मुलीला जे दिसलं ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या लोकांबद्दल लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात, युरोपात, अमेरिकेत हा कॅन्सर पाठीवर, पायाच्या पोटरीवर, चेहऱ्यावर येतो आणि त्यात उन्हाचा मोठा हात असतो. सावळ्या-काळ्या कातडीत रंगद्रव्य मुळातच भरपूर असतं, ते उन्हापासून राखतं, त्यामुळं हा आजार आपल्यात खूप कमी. पण जेव्हा होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो, म्हणजे जिथं कातडी सगळ्यात फिकी असते आणि जिथं कुणाचं लक्ष जात नाही. त्याला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. आबांनी जन्मभर मराठवाड्याच्या उन्हात औत हाकलं म्हणून हे झालं, असं काही मनात आणू नका.

आता बिब्बा. आपल्याकडं टाचेला भेग पडली, काटा मोडला, कुरूप झालं की दिव्यावर बिब्बा धरायचा आणि तेल टिपायचं, ही पद्धत मला चांगली माहीत आहे. रोज पेशंटच्या पायावर बघते. पण बिब्ब्याच्या तेलात कातडी जाळणारं द्रव्य असतं. म्हणून तर तो उततो, अंगभर फोड येतात. गोडंबीसाठी बिब्बे फोडणाऱ्या बायांचे हात कसे होतात ते तुम्ही पाहिलेलं असेल. टाचेची जाड कातडी ते सोसते एवढंच. आणि लावलेल्या जागेला काळा डाग राहतो. म्हणजे ज्या डागाचा रंग आणि कडा बघून डॉक्टरांना काही ओळखता आलं असतं, त्याच्यावरच आपण दुसरा काळा थर चढवतो. आजपासून बिब्बा बंद. चुना-सोडा, घोड्याच्या शेपटीचा केस, मेडिकलमधून मिळणारी कुरुपाची पट्टी, हेही काही नको. कोमट पाण्यानं पाय धुवा, स्वच्छ कपड्यानं टिपा, कोरडी पट्टी बांधा.

धुताना नीट बघा. आपली काळी माती भेगांत अशी बसते की दोन-तीनदा घासल्याशिवाय खरी कातडी दिसत नाही. मऊ ब्रशनं माती निघाली की उजेडात बघा: डाग एकाच रंगाचा आहे की कुठं काळा, कुठं करडा, कुठं निळसर? कडा नीट आहे की एका बाजूनं शाई ओघळल्यासारखी पसरलीय? नुसत्या कुरुपात मधे टणक खिळा असतो आणि दाबलं की दुखतं. पसरट काळा भाग, न दुखणारा, मधे ओला लाल मांसल उंचवटा, असं असेल तर ते कुरूप नाही. आणि आबांच्या जांघेत हात लावून बघायला त्यांच्या मुलाला सांगा. अवधाण आल्यासारखी गाठ लागते का? लागली तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं.

तुम्हाला अंबाजोगाई जवळ. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्वचारोग विभागाची ओपीडी असते. पाटीवर ‘त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग विभाग’ असं लिहिलेलं दिसेल. त्या पाटीमुळं कितीतरी माणसं, विशेषतः बाया, दारातून परत फिरतात. ती फक्त विभागाची पूर्ण नावं आहेत. आत तीळ, डाग, खाज, सगळ्यासाठी लोक बसलेले असतात. लातूर, नांदेड आणि संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यातही हा विभाग आहे, आणि संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. पुढं काही निघालंच तर कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत ठेवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

केसपेपर काढल्यावर डॉक्टरांना एक वाक्य अगदी याच शब्दांत सांगा: “डाग आधी होता, जखम नंतर झाली.” साखरेचा पेशंट आणि पायाला जखम म्हटलं की गर्दीच्या ओपीडीत हात आपोआप ड्रेसिंगकडं जातो. हे एक वाक्य तपासाची दिशा बदलतं. आणि बिब्बा लावत होतो, हेही सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

डॉक्टर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, म्हणाले, तर तुमच्या मालकांचा प्रश्न उभा राहील. सुई लागली की कॅन्सर पसरतो, हे मी माझ्या खोलीत इतक्या वेळा ऐकते की आता त्याचं उत्तर फार शांतपणे देते. मेलॅनोमाच्या बायोप्सीनं आजार पसरत नाही. पसरतो तो वेळेनं. लोकांना उलटं वाटतं त्याचं कारण कळतं मला. गावात ज्यांची बायोप्सी झाली ते फार उशिरा गेलेले असतात, सहा महिन्यांत जातात, आणि दोष त्या तपासणीवर येतो. मेलॅनोमात पुढचं सगळं एका मापावर बरंच ठरतं: तो कातडीत किती खोल गेलाय. अलेक्झांडर ब्रेस्लो या डॉक्टरांनी १९७० मध्ये हे माप सुचवलं आणि आजही रिपोर्टवर ‘ब्रेस्लो थिकनेस’ म्हणून ते मिलिमीटरमध्ये लिहितात. खोली एक मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेकांना एका ऑपरेशननं मोकळं होता येतं. चार मिलिमीटरच्या पुढं गेला की लढाई अवघड. ही खोली वरून डोळ्यांना दिसत नाही. तुकडा काढल्याशिवाय ती मोजताच येत नाही.

तळव्याचा मेलॅनोमा मुळात गोऱ्यांच्या पाठीवरच्या मेलॅनोमापेक्षा जास्त दुष्ट असतो असं लोक म्हणतात. काही अंशी तो वेगळा आहे खरा, पण माझ्या मते आपल्याकडं जास्त नुकसान उशिरानं होतं. माझ्याकडं आलेल्या एका शेतकऱ्यानं चपलेला बरोबर डागाच्या जागी गोल भोक पाडलं होतं. टायरच्या चपलेला, करवतीच्या पात्यानं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, म्हणजे चालताना टेकू नये. एवढी काळजी त्यानं घेतली होती, एवढी मेहनत केली होती. फक्त दवाखान्यात यायचं राहिलं होतं.

आता तुमच्या लेकीकडं येते.

‘ॲटिपिकल नेव्हस’ म्हणजे नेहमीसारखा न दिसणारा तीळ. एवढाच त्याचा अर्थ. तो कॅन्सर नाही, आणि ‘कॅन्सरची पहिली पायरी’ हेही त्याचं खरं वर्णन नाही. साधा तीळ लहान, गोल, एका रंगाचा, कडा रेखीव. असा तीळ मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीसपर्यंत असणं अगदी सामान्य आहे. ॲटिपिकल तीळ सहसा पाच मिलिमीटरहून मोठा असतो, त्याच्या कडा कातडीत विरघळल्यासारख्या पुसट असतात, रंगात तपकिरीच्या दोन-तीन छटा असतात, आणि बऱ्याचदा मधे थोडा उंचवटा व भोवती सपाट भाग असतो. रंग बनवणाऱ्या पेशी जरा अस्ताव्यस्त बसल्या, की असं दिसतं. पॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर यालाच ‘डिस्प्लास्टिक नेव्हस’ लिहितात. तो शब्द ऐकून माणसं इतकी घाबरायची आणि त्यावर डॉक्टरांतच इतके मतभेद होते, की १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं तो शब्द सोडून द्यावा असं सुचवलं. शब्द काही गेला नाही, अजून चालतोच.

मग मेलॅनोमाशी याचा संबंध कुठं येतो? दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मोबाइलवर त्या एकात एक मिसळतात.

पहिली गोष्ट त्या तिळाची. हाच तीळ उद्या कॅन्सर होईल का? एका तिळाच्या बाबतीत ही शक्यता इतकी कमी असते की बहुतेक ॲटिपिकल तीळ जन्मभर जसेच्या तसे राहतात, काही तर म्हातारपणी फिके होऊन जातात. मेलॅनोमाच्या दर दहा पेशंटमागं साधारण सात जणांत तो जुन्या तिळातून न येता, साफ कातडीवर नव्यानं उगवलेला असतो. म्हणून तीनच काय, अंगावरचे सगळे तीळ कापून काढले तरी धोका तसा कमी होत नाही. उलट पाठीवरच्या कातडीला ताण असतो, तिथले टाके रुंद व्रण सोडतात, आणि आपल्या सावळ्या कातडीत त्या व्रणाचा टणक लालसर केलॉइड व्हायची भीती जास्त. तीन शांत तीळ देऊन तीन ठसठसणारे व्रण घेणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट माणसाची. ज्याच्या अंगावर असे तीळ बरेच असतात, त्या माणसाला अंगावर कुठंही मेलॅनोमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात पाच ॲटिपिकल तीळ असणाऱ्यांचा धोका एकही नसणाऱ्यांच्या सुमारे सहापट निघाला. शंभराहून जास्त साधे तीळ असणाऱ्यांचाही धोका, अगदी थोडे तीळ असणाऱ्यांच्या जवळपास सातपट. ‘सहापट’ हा आकडाच तुमच्या लेकीची झोप उडवत असणार. पण सहापट कशाच्या, हे आधी बघायचं. ते अभ्यास गोऱ्या लोकांवरचे. ऑस्ट्रेलियात दर वर्षी लाखामागं तीसहून जास्त लोकांना मेलॅनोमा होतो. भारतात लाखामागं एकालाही नाही, एकाहून कमी. इतक्या लहान संख्येच्या काही पट केली तरी ती लहानच राहते. तुमच्या मुलीचे तर ॲटिपिकल तीळ तीनच आहेत. लक्ष ठेवायला ते पुरेसं कारण आहे. जेवण सोडायला नाही.

धोका खरोखर मोठा होतो तो घराण्यामुळं. १९७८ मध्ये वॉलेस क्लार्क या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांचा अभ्यास छापला. त्या घरांत असे वेडेवाकडे तीळ आणि मेलॅनोमा दोन्ही पिढ्यान् पिढ्या दिसत होते. त्यातल्या दोन कुटुंबांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या तिळांना ‘बी-के मोल’ असं नाव पडलं. पुढं अशा अनेक घराण्यांत सीडीकेएन२ए नावाच्या जनुकात बिघाड सापडला, आणि काहींमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सरही जास्त दिसला. म्हणून डॉक्टर तुम्हाला विचारतील की आईवडील, भाऊबहीण, आजी-आजोबा यांच्यात कुणाला मेलॅनोमा झाला होता का. इथं आबांचा विषय पुन्हा येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते: समजा आबांचं निदान तसं निघालंच, तरी तळव्याचा मेलॅनोमा हा त्या घराण्यात वाहणाऱ्या प्रकारात सहसा मोडत नाही. नातीच्या डॉक्टरांना ते सांगायचं जरूर, पण दोघांना एका धाग्यात गुंफून घरात रडारड करायची नाही.

मग बघायचं काय? ‘एबीसीडीई’ अशी इंग्रजी आद्याक्षरांची एक खूण डॉक्टर वापरतात. १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती चार अक्षरांची तयार झाली आणि २००४ मध्ये पाचवं अक्षर जोडलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तिळाचे दोन अर्धे जुळत नाहीत, कडा दातेरी किंवा पुसट आहे, रंग मिसळलेले आहेत, आकार सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे साध्या शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकाएवढा किंवा मोठा आहे, आणि तो बदलतोय. यातल्या पहिल्या चार गोष्टी ॲटिपिकल तिळातही बऱ्याचदा असतात. म्हणून तुमच्या मुलीसाठी खरी कामाची ती पाचवी. बदल. दोन-तीन महिन्यांत वाढला, एका कडेला काळा ठिपका उमटला, सपाट होता तो उंच झाला, खाजायला लागला, टॉवेल लागून रक्त आलं, तर सहा महिने वाट बघायची नाही.

आणखी एक युक्ती, जी मला या पाच अक्षरांहून जवळची वाटते. प्रत्येक माणसाच्या अंगावरचे तीळ एकमेकांसारखे असतात. कुणाचे सगळे लहान काळे, कुणाचे सगळे पसरट तपकिरी. मेंढरांच्या कळपात एखादी शेळी घुसली तर धनगराला मोजावं लागत नाही, नजर आपसूक जाते, तसा जो तीळ बाकीच्यांत बसत नाही तो दाखवायचा. तिच्या पाठीवरचे तिन्ही जर एकमेकांसारखे असतील, तर ती तिची ठेवणच आहे.

पाठ तिला स्वतःला दिसत नाही, म्हणून हे काम तुमचं. महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, खिडकीजवळ. मोबाइलवर फोटो काढताना तिळाशेजारी कंपासपेटीतली मोजपट्टी धरा, म्हणजे पुढच्या वेळी मिलिमीटर मोजता येतील. फ्लॅश बंद, उजेड तोच, अंतर तेच. फोटोच्या नावात तारीख आणि जागा लिहा: ‘उजवा खांदा’, ‘कमरेच्या वर’. रोज बघू नका. रोज बघितलं की बदल कळत नाही, फक्त भीती वाढते. हे फोटो पुढच्या तपासणीला न्या. डॉक्टर डर्मोस्कोपनं, म्हणजे त्या उजेडाच्या भिंगानं, कातडीच्या आतली रंगाची जाळी बघतात. तुमचे फोटो आणि त्यांचं भिंग मिळून जेवढं कळतं तेवढं एकट्या कशानंही कळत नाही.

आणि पाठ बघून झाली की तिचे तळवे, बोटांच्या फटी आणि नखंही बघा. तुमची स्वतःची पण. आपल्या लोकांत तळव्यावर फिके तपकिरी ठिपके आणि दोन-चार नखांवर उभ्या सावळ्या रेघा असणं नेहमीचं आहे, त्यानं दचकू नका. पण एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, मोठ्या वयात नव्यानं काळी रेघ आली, ती रुंद होत गेली, किंवा नखाबाहेरच्या कातडीवर काळपटपणा उतरला, तर दाखवायचं. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढं सरकत जातो. सरकत नसेल तर ते रक्त नाही.

पार्लरबद्दल मी मऊ शब्द वापरणार नाही. पार्लरमध्ये तीळ काढू नका. तिथं मशीननं किंवा ॲसिडनं तीळ जाळतात, आणि जळालेल्या तिळाची तपासणी होत नाही. वरचा रंग जातो, खालच्या पेशी राहतात, काही महिन्यांनी त्याच जागी व्रणातून वेडावाकडा रंग उगवतो, आणि मग तो बघताना पॅथॉलॉजिस्टही बुचकळ्यात पडतो, कारण तो मेलॅनोमासारखाच दिसतो. निरोगी मुलीवर विनाकारण मोठ्या ऑपरेशनची पाळी येऊ शकते. उलटही होऊ शकतं: तीळ खरंच वाईट होता, पुरावा जाळून टाकला आणि दोन वर्षांनी गाठ आली. लेझरनं काढून देतो म्हणणाऱ्या चकचकीत क्लिनिकलाही हेच लागू.

तिच्या डॉक्टरांना एखादा तीळ शंकास्पद वाटला, तर ते तो सुन्न करून, भोवतीच्या दोन-एक मिलिमीटर कातडीसकट पूर्ण काढतील. तुम्ही फक्त एवढं बघायचं: काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत गेला का, बाटलीवर मुलीचं नाव आणि शरीरावरची जागा लिहिली का, आणि तुमच्या हातात लॅबची पावती आली का. तुकडा टाकून देणाऱ्याकडून तीळ काढूनच घेऊ नका. रिपोर्टवर ‘डिस्प्लास्टिक, लो ग्रेड’ आलं तर बहुधा पुढं काही करावं लागत नाही. ‘हाय ग्रेड’ आलं तर कडा मोकळ्या आहेत ना हे बघून, कधी कधी थोडी जास्त कातडी काढतात. तोही कॅन्सर नसतो. रिपोर्ट जपून ठेवा, लग्नानंतर ती जिथं जाईल तिथं तो तिच्याबरोबर गेला पाहिजे.

उन्हाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीनं वाचलं असेलच. महागड्या क्रीमच्या मागं लागायची गरज नाही. दुपारी गाडीवर जाताना ओढणी, पूर्ण बाह्या, तेवढं पुरे.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. तुमच्या मुलीला आज कोणताही आजार नाही, त्यामुळं लपवण्यासारखंही काही नाही आणि बैठकीत जाहीर करण्यासारखंही. पाठीवरच्या तिळाची चर्चा दोन्हीकडच्या दहा माणसांत बसून करायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही. पण ज्याच्याशी ती संसार मांडणार आहे, त्याला एवढं माहीत असलेलं बरं की तिच्या पाठीवर काही तीळ आहेत आणि ते अधूनमधून डॉक्टरांना दाखवायचे असतात, कारण उद्या तिच्या पाठीचे फोटो तोच काढणार. सोयरीक जुळायच्या घाईत तपासणी मात्र पुढं ढकलू नका. सहा महिन्यांची तारीख साखरपुड्याच्या आठवड्यात आली तरी त्या आठवड्यात जायचं.

तुमच्या पत्रात नणंदेचं मत आहे, मालकांचं मत आहे, तुमची भीती आहे. मुलगी स्वतः काय म्हणते, ते कुठं आलं नाही. फार्मसी शिकलेली आहे, हे उत्तर तिला वाचायला द्या, आणि त्या मुलाला सांगायचं की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे तिला ठरवू द्या.